उभ्या रेघेपाशी हरवलेल्या यमुनाबाई

दादा, तुझ्या लॅपटॉपवर बसले की बोटं अजून तुझ्या धाकात असतात. उभी रेघ मारायच्या आधी थबकतात. हे मशीन कुणाचं, इथली ग्रेप, म्हणजे शब्द शोधून देणारी आज्ञा, कुठल्या वळणाची, रेघ नुसती चालेल की तिच्या आधी एक तिरकी रेघ हवी, हे मनाशी म्हटल्याशिवाय एंटर दाबतच नाहीत. तू खोलीत नाहीस, हे बोटांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुला जाऊन महिनाही झाला नाही. माणसं येतात, बसतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. आपल्या या हिंदी मुलखातले कॉलनीवाले म्हणतात, "बड़े शांत आदमी थे." मी मान हलवते. शांत म्हणे! चुकीच्या जागी स्टार टाकला म्हणून साठीला आलेल्या बहिणीच्या हातातला चहाचा कप काढून घेणारा माणूस शांत? पण त्यांना कशाला सांगू. त्यांना तू बँकेतून रिटायर झालेले मधुकरराव म्हणून माहीत, संध्याकाळी नानाखेड्याच्या बस स्टँडला चक्कर मारून येणारे. ती चक्कर कशासाठी असायची, हे फक्त तुला, वहिनीला आणि मला ठाऊक होतं. आता वहिनीला आणि मला.

मागच्या सिंहस्थातली ती दुपार, दादा. ऊन असं की घाटाचे दगड पायाला चिकटायचे. घाटाच्या वरच्या अंगाला हरवलेल्या माणसांचा तंबू होता आणि तू तिथं सेवेला बसायचास. मी डबा घेऊन यायचे आणि मग पाणी वाटत तिथंच रेंगाळायचे. नदीच्या दोन्ही काठांवर असे बरेच तंबू होते. कुणी म्हातारी, कुणी पोर चुकून आलं की तिथले लोक त्याचं नाव, गाव, अंगावरचे कपडे टाइप करून ठेवायचे आणि त्या फाइली पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे फिरायच्या. कुणी शोधत आलं की सगळ्या फाइलींमधून एका दमात नाव हुडकायचं, हे तुझं काम. बँकेत तू युनिक्सवर वाढलेला. काळ्या पडद्यावर ग्रेप असं लिहायचं, पुढं हवा तो शब्द, आणि एंटर. ज्या ओळीत तो शब्द असेल ती ओळ समोर येते. शब्द पक्का माहीत नसेल तर खुणांनी सांगता येतं, की इथं कुठलंही एक अक्षर चालेल, इथं हे किंवा ते चालेल. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्याला. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तो माणूस भुसावळकडचा होता. पन्नाशीचा असेल, खांद्यावर पंचा, पायात काही नाही. तंबूत शिरून हिंदीत सुरू झाला, अडखळला, तेव्हा तू म्हणालास, "मराठीत बोला." त्याचा चेहरा एकदम सैल पडला. एवढ्या गर्दीत आपली भाषा बोलणारा भेटला म्हणजे काम झालंच, असं वाटलं असणार त्याला.

"माझी माय हो," तो म्हणाला. "यमुनाबाई. हिरवं लुगडं हाये. कानानं कमी ऐकू येतं तिला."

तू नीट विचार केलास, हे मी शपथेवर सांगेन. इथले लोक यमुनाला जमुना लिहितात, हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू यमुना, मग उभी रेघ, मग जमुना असं टाइप केलंस. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. एंटर दाबलंस.

ग्रेपला काही सापडलं नाही की ती काहीच बोलत नाही. मिळालं नाही, असंसुद्धा म्हणत नाही. नुसती पुढची रिकामी ओळ येते आणि खूण लुकलुकत राहते. तू त्या ओळीकडे बघितलंस आणि म्हणालास, "नाही हो. इथं नोंद नाही." त्यानं हात जोडले. आपल्या भाषेतला माणूस नाही म्हणतोय, तर त्यानं दुसऱ्या कुणाला कशाला विचारावं? "मग स्टँडवर बघतो," म्हणाला आणि नानाखेड्याचा रस्ता विचारून गेला. त्याच्याजवळ फोन नव्हता. आणि नोंदच नाही म्हटल्यावर त्याचं नाव-गाव तरी कोण लिहून घेणार?

संध्याकाळी घरी येऊन तू त्याच फाइली आपल्या मशीनवर उघडल्यास. काही संशय नव्हता तुला, रोज घरी कॉपी ठेवायचास म्हणून. सहज तीच आज्ञा दिलीस, आणि ओळ आली. जमुना बाई, हरा लुगड़ा, भुसावल तरफ़. नदीपलीकडचा तंबू. सकाळची नोंद.

तेव्हा वहिनी पोळ्या करत होती आणि मी ताटं घेत होते. तू तसाच उठलास. चप्पल घालून निघालास. मी मागून धावले.

वाटेत तू मला सांगत होतास, मला कळत नव्हतं तरी. घरच्या मशीनवर तू ग्रेपला एक सवय लावून ठेवली होतीस. नुसतं ग्रेप म्हटलं की ती तिच्या मोठ्या बहिणीसारखी, ईग्रेपसारखी वागायची, म्हणजे उभी रेघ दिसली की 'किंवा' समजायची. कितीतरी वर्षं तशीच वापरून तू विसरूनच गेला होतास की ही लाडावलेली आहे. तंबूतला लॅपटॉप दुसऱ्या कुणाचा होता. तिथली ग्रेप साधी. तिला रेघ म्हणजे नुसती रेघ, 'किंवा' हवं असेल तर आधी तिरकी रेघ लावून सांगावं लागतं. ती बिचारी प्रामाणिकपणे यमुना, रेघ, जमुना असं सगळं सलग लिहिलेलं कुठं आहे का, ते शोधत बसली. असं कोण लिहिणार होतं?

नदीपलीकडच्या तंबूतली बाई दमलेली होती. म्हणाली, "वो हरे लुगड़े वाली अम्मा? वो तो दोपहर में निकल गईं. अपने गाँव के किसी के साथ थीं शायद."

शायद. दादा, त्या एका शब्दानं तुझी उरलेली सगळी वर्षं खाल्ली. घरात कुणी 'बहुतेक' म्हटलं तरी तू मान वर करून बघायचास. आपण स्टँडवर गेलो, रेल्वे स्टेशनवर गेलो, भुसावळच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांतून डोकावलो. हिरवी लुगडी पुष्कळ दिसली. मायलेक भेटले की नाही, हे तुला कळलं नाही, मला कळलं नाही, आणि आता कळायचा काही मार्गही नाही.

पुढच्या वर्षी हे गेले. मी फ्रीगंजच्या घरात एकटी, शाळेतून रिटायर झालेली, भिंतींशी बोलायला लागलेली. सगळे भेटायला आले तसा तूही आलास. बसलास. बाकीचे सांत्वनाचं जे बोलले, ते तू एका अक्षरानं बोलला नाहीस. उठताना म्हणालास, "कुंदे, उद्यापासून दुपारी आमच्या घरी येत जा नानाखेड्याला. ग्रेप शिकवतो."

"मला काय करायचीय ग्रेप?"

"मला शेजारी कोणी हवंय. मी चुकलो की थांब म्हणणारं."

मी जन्मभर गणित शिकवलं, पण तुझ्यासारखा खडूस मास्तर नाही बघितला. वहिनीनं टेबलावर भैरवगढच्या छापाचं कापड अंथरलेलं, त्यावर लॅपटॉप, बाजूला शेवेचा डबा. प्रश्नाचं उत्तर चुकलं की डबा तुझ्याकडे सरकायचा.

"स्टार म्हणजे काय?"

"काहीही," मी म्हणाले. फोल्डरमधल्या फाइली बघताना तूच तसं सांगितलं होतंस.

"ते तिकडे, शेलमध्ये. तू तेच धरून बसून राहिलीस. इथं तो मागच्या अक्षराला चिकटतो. मागचं अक्षर कितीही वेळा. शून्य वेळा पण."

"शून्य वेळा? म्हणजे ते नसलं तरी?"

"नसलं तरी चालतं."

"मग ते सापडलं असं कसं काय म्हणायचं?"

"तू टीचर आहेस नं! रिकाम्या संचाला तुम्ही लोक संच म्हणता, ते कोणाला विचारून म्हणता?"

शेवेचा डबा तुझ्याकडे सरकला. पण घरी परत येताना टॉवर चौकात मी एकटीच हसले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग ग्रेपसारख्याच शोधाशोध करणाऱ्या ज्या इतर आज्ञा असतात, त्यांच्यातल्या एकेकीच्या दारात तू मला नेलंस. ग्रेपला तुकडा पुरतो, ओळीत कुठंही दिसला की ती ओळ देते. फाइंडला तुकडा दिला की ती ढिम्म. मी भुसावळ असं लिहिलं, त्या नावाची फाइल समोर दिसत होती, तरी ती काही देईना. तू म्हणालास, "हिला घरापासून दारापर्यंत अख्खा पत्ता लागतो. अर्धवट बोललेलं चालत नाही हिला, तुझ्या वहिनीसारखं." आतून वहिनी म्हणाली, "सगळं ऐकू येऊन राहिलंय." ऑकला उभी रेघ तशीच कळते, तिरक्या रेघेची गरज नाही. विममध्ये पुन्हा लागते. मनू पुण्याहून आली तेव्हा तू आपल्या लेकीला नीट जेवूसुद्धा दिलं नाहीस, तिचा मॅक घेऊन बसलास. तिथल्या सेडला तिरकी रेघ लावून विचारलं तरी 'किंवा' कळेना. लहान पोराला नवीन किडा सापडावा तसा तू मला फोन केलास. "कुंदे, ही तर दोन्हीकडून बहिरी आहे!"

आणि प्रत्येक नवीन मशीनवर, प्रत्येक नवीन हत्याराला तुझा पहिला प्रश्न तोच. यमुना किंवा जमुना. त्या जुन्या फाइली तू जपून ठेवल्या होत्यास. ओळ आली की तू नुसता "हं" म्हणायचास. आली नाही की कसं विचारलं म्हणजे येईल ते शोधत बसायचास, येईपर्यंत. मला सुरुवातीला वाटायचं हा सराव आहे. मग कळलं, तुला दर वेळी त्या माणसाला "आहे, नदीपलीकडे आहे, चला" असं म्हणायचं असायचं.

यावरून आपलं भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे, एवढ्या जणींचे नखरे कशाला सांभाळायचे? नवीन एक वेगवान हत्यार आलंय, रिपग्रेप, सगळ्या मशीनींवर तेच टाकू, एकच बोली शिकू, सुटलो. तू चिडायचास. "तंबूत समोर येईल तेच मशीन आपलं. तू इन्स्टॉल करत बसशील, तोपर्यंत माणूस स्टँडवर पोचला असेल." मी म्हणायचे, सगळ्या बोली येणाऱ्यानंच तर चूक केली. यावर तू पुन्हा पडद्याकडे वळायचास आणि मला स्वतःचा राग यायचा. तरी माझंच बरोबर आहे असं मला अजून वाटतं, दादा. तू समोर असतास तर आज पुन्हा भांडले असते.

पण एक गोष्ट तू अशी शिकवलीस की ती माझ्या हाडात बसली. "एकदा विचारलं आणि ती गप्प बसली, म्हणजे नाही म्हणाली असं समजायचं नाही, कुंदे. तिला आपला प्रश्नच समजला नसेल. पुन्हा विचारायचं. वेगळ्या तोंडानं विचारायचं." म्हणून श्रावणातल्या सोमवारी, सवारीच्या, म्हणजे देवाच्या पालखीच्या गर्दीत, तसाच तंबू लागायचा, त्यात आपण दोघं शेजारी बसायचो. तू ग्रेपनं शोधायचास, मी ऑकनं. दोघांचं उत्तर एक आलं तरच तोंड उघडायचं. वेगळं आलं की थांबायचं आणि कोण चुकलं ते बघायचं. बहुतेक मीच असायचे. कधी चूक तुझी निघाली की दुसऱ्या दिवशी कचोऱ्या आणायचास, आणि त्या कशाबद्दल आहेत ते वहिनीला सांगायचा नाहीस.

संध्याकाळी तू स्टँडवर जायचास. बाकड्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघत एक फेरी मारायचास आणि परत यायचास. मी एकदा सोबत आले होते. परत येताना मी म्हणाले, "मिळाल्या असतील रे त्या. मुलगा चांगला धडधाकट होता. शोधली असेल त्यानं."

"असतील म्हणजे काय? ओळ दाखव."

"सगळ्या गोष्टींची ओळ नसते, दादा."

"मग मला समजावू नको. मला माफी नको आहे कुणाची. मला फक्त ती घरी पोचलेली हवी आहे."

त्या दिवशी मला तुला एक गोष्ट सांगायची होती आणि मी सांगितली नाही. आता सांगते, ऐक. तुझ्या त्या चुकीनं मला वाचवलं. ती रेघ त्या दिवशी बरोबर लागली असती तर तुला शेजारी कुणी लागलं नसतं. तू मला नानाखेड्याला बोलावलं नसतंस, मी त्या भिंतींशी बोलत राहिले असते, आणि काय झालं असतं ते मला माहीत आहे. कुणा एका माणसाची आई हरवली म्हणून मला माझ्या दुपारी मिळाल्या. या गोष्टीबद्दल मी देवाचे आभार मानायचे की त्याला दोष द्यायचा? आणि हे तुझ्या तोंडावर कसं बोलणार होते मी? तू त्या बाईला शोधत बाकड्यांमधून फिरत होतास आणि मी तुझ्या शेजारून चालत सुखात होते.

तू गेल्यावर आठवड्यानं वहिनी म्हणाली, लॅपटॉप उघडून बघ, लाइटबिलाचं काही राहिलंय का. मी काळा पडदा उघडला आणि सवयीनं वरच्या बाणाची कळ दाबली. तुला माहीतच आहे काय होतं ते. आधी दिलेल्या आज्ञा एकेक करून परत येतात. पण त्या माझ्या नव्हत्या, तुझ्या होत्या. मी दाबत गेले. लाइटबिल. मनूच्या लग्नातले फोटो. यमुना किंवा जमुना. गॅसचा नंबर. यमुना किंवा जमुना, ऑकनं. पुन्हा ग्रेपनं. त्या उलट्या क्रमानं येतात, म्हणून आधी तुझी दुरुस्त केलेली ओळ यायची आणि तिच्या मागून तुझी चूक. प्रत्येक चुकीपाशी तुझं ते "अर्रर" मला स्पष्ट ऐकू आलं. मला वाटायला लागलं, अशीच दाबत राहिले तर कुठंतरी मागं, सगळ्या दुरुस्त्या संपल्यावर, तो भुसावळचा माणूस उभा असेल आणि तू अजून एंटर दाबलेला नसशील. तिथंच मी झाकण मिटलं. बिलाचं बघितलंच नाही.

तेव्हापासून मी ती वरच्या बाणाची कळ पुन्हा दाबली नाही. नवीन काही टाइप केलं की तुझी शेवटची ओळ एक पाऊल मागं सरकते, हे मला कळतं. मनू म्हणते, आत्या, त्या सगळ्याची कॉपी करून ठेव. केली आहे. पण कॉपीत तू फोटोसारखा दिसतोस, एका जागी. कळ दाबली की तू येतोस, ते वेगळं आहे.

परवा श्रावणाचा पहिला सोमवार होता. तंबूचं बघणारे शर्माजी आदल्या दिवशी घरी आले. "दीदी, भैया नहीं रहे, पर आप तो हैं. लैपटॉप लेकर आ जाइए." मी नाही म्हणायच्या बेतात होते. वहिनीनं लॅपटॉप त्या छापाच्या कापडात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

तुझ्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवली, कुणी बसू नये म्हणून. दुपार कलली तेव्हा एक बाई धापा टाकत आली. तिचे सासरे सुटले होते गर्दीत. गेंदालाल. पांढरा कुर्ता, हातात छत्री. मी ग्रेपनं विचारलं. रिकामी ओळ. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती आणि माझ्या जिभेवर 'नहीं' येऊन बसलं होतं. मी शेजारी बघितलं. पिशवी होती. मग तूही मीच झाले. तेच नाव ऑकनं विचारलं, अर्धं नाव विचारलं, छत्री विचारली. काही नाही. मी लॅपटॉप मिटला, उठले, आणि तिचा हात धरून म्हणाले, "चलो, चलकर देखते हैं."

तिसऱ्या तंबूत गेंदालालजी खिचडी खात बसले होते. त्यांचं नाव अजून कुणी टाइपच केलं नव्हतं. म्हणजे या वेळी प्रश्न बरोबर होता, मशीन बरोबर होतं, आणि तरी माणूस त्यात नव्हता. दादा, आपण इतकी वर्षं विचारायच्या तऱ्हा शिकलो, लिहिणं राहून गेलं असेल हे आपल्या डोक्यातच आलं नाही. यमुनाबाईंचं पण तसंच झालं असेल. भेटले असतील मायलेक, आणि कुणी लिहिलं नसेल. एवढी मोठी गोष्ट हाती लागली म्हणून मी धावत आपल्या तंबूत आले, तुला सांगायला. पिशवीपर्यंत आले.

तू गेलास ती दुपार मी कुणालाच नीट सांगितलेली नाही. लोक विचारतात, त्रास झाला का, मी म्हणते, नाही, झोपेतच. तू खुर्चीत होतास. मी टेबलाशी सेडचं काहीतरी करत होते आणि तू मागून सांगत होतास, "आधी रेघ बघ, मग बोल." मग बोलायचा थांबलास. मला वाटलं डुलकी लागली, बरं झालं, आता माझ्या पद्धतीनं करता येईल.

वहिनी चहा घेऊन आली. "अहो," ती म्हणाली. मी वळलेसुद्धा नाही. "अहो, चहा." मग जरा मोठ्यानं, "ऐकलंत का?" तिच्या आवाजात काहीतरी बदललं म्हणून मी मान वळवली. तिनं कप खाली ठेवला. "मनूचे बाबा." तुझ्या गुडघ्याला हात लावला. पुन्हा, "मनूचे बाबा." आणि मग, लग्नातल्या उखाण्यानंतर एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं ते नाव तिनं घेतलं. "मधुकर." एकदा हळू. एकदा ओरडून.

कुठलंच उत्तर आलं नाही. आणि मी, तुझी शिष्या, तुझ्या छातीकडे न बघता म्हणाले, "थांब वहिनी, पुन्हा विचार. वेगळं काहीतरी म्हणून विचार."

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "माझ्याजवळ होती तेवढी सगळी नावं संपली, कुंदाताई."